आजची ज्यू पुस्तकं वाचायची तर सुरुवात कुठून करायची

बहुतेक जण ज्यू पुस्तकांकडे एकाच दारातून येतात. ॲन फ्रँकची डायरी, मग छळछावणीतून वाचलेल्या कुणाचं तरी आत्मचरित्र, मग मुखपृष्ठावर काटेरी तारा असलेल्या दोन-तीन कादंबऱ्या, आणि तोवर मन इतकं जड होतं की बास आता म्हणून विषयच बंद. माझं अगदी हेच झालं होतं. ज्यू म्हटलं की डोळ्यासमोर काळ्या-पांढऱ्या फोटोतली माणसं यायची, आणि त्यांची नातवंडं-पतवंडं आज कुठेतरी घटस्फोट घेतायत, देवावर चिडलीयेत, राजकारणावरून जेवणाच्या टेबलावर भांडतायत आणि वर हे सगळं लिहूनही काढतायत, हे डोक्यातच नव्हतं. ते कळल्यावर मी अधाशासारखा वाचत सुटलो, त्यात बऱ्याच चुका केल्या, म्हणून ज्यांना आता सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी जिवंत माणसांची पुस्तकं वाचा, गेलेल्यांकडे नंतर या, मग ती गेलेली माणसंसुद्धा आपल्याला माणसं वाटायला लागतात.

पहिलं पुस्तक निवडताना महान पुस्तकांची यादी काढून त्यातलं सगळ्यात जाडजूड उचलू नका, एरवी तुम्हाला काय वाचायला आवडतं ते बघा आणि त्याच जातीचं ज्यू पुस्तक घ्या. छोट्या गोष्टी आवडत असतील तर इस्रायलचा एतगार केरेत, जन्म १९६७ चा, आई-वडील दोघंही होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीतून, वाचलेले, पण ह्याच्या गोष्टी दोन-चार पानांच्या आणि भन्नाट. एका गोष्टीत लेखकाच्या घरी एक माणूस पिस्तूल घेऊन बसलाय आणि म्हणतो मला गोष्ट सांग, तेवढ्यात दारावर टकटक, मग अजून एक जण, त्यालाही गोष्टच हवी. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त वाचू नका, चव जाते. डिटेक्टिव्ह स्टोरी आवडत असेल तर मायकल शेबॉनची 'द यिडिश पोलिसमेन्स युनियन' घ्या (२००७, पुढच्या वर्षी तिला ह्यूगो अवॉर्ड मिळालं). त्यात इस्रायल टिकलंच नाही असं मानलंय, लाखो ज्यू अलास्कातल्या सिटका नावाच्या थंडगार गावात जाऊन राहिलेत, पोलीस यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, शिव्या देतात आणि साठ वर्षांनी ती जागाही आता परत द्यायची वेळ आलीय. चित्रं आवडत असतील तर फ्रेंच जोआन स्फारचं 'द रॅबाय्ज कॅट', अल्जीअर्समधल्या एका रॅबायचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूचं, मांजर घरातला पोपट खातं, त्याला वाचा फुटते, आणि तोंड उघडल्याबरोबर ते पहिलं काय करतं तर खोटं बोलतं, की पोपट मी नाही खाल्ला. मग ते मांजर म्हणतं माझी बार मित्झ्वा (ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की होणारा धार्मिक विधी) करा, आणि मांजराला ज्यू म्हणायचं का यावर खरोखरच वाद सुरू होतो. धर्माबद्दल इतकं गंभीर आणि तरीही इतकं हलकं असलेलं फार कमी वाचलंय मी.

आता शब्दांचं. सगळे इथेच अडतात. पहिल्या दहा पानांत शब्बात, येशिवा, मिन्यान, शिव्हा असे शब्द येतात, तुम्ही प्रत्येक शब्दाला फोन काढून गुगल करता आणि पुस्तक हातातून सुटतं. असं करू नका. एक कागद पुस्तकातच ठेवा, शब्द लिहा, पुढे वाचत राहा, दर पन्नास पानांनी एकदाच बसून सगळे बघा, निम्म्यांचा अर्थ तोवर तुम्हाला आपोआप लागलेला असतो. तसे बारा-पंधरा शब्द आले की बरीचशी पुस्तकं उघडतात: शब्बात म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, शिव्हा म्हणजे घरात कुणी गेल्यावरचे सुतकाचे सात दिवस, येशिवा म्हणजे तालमूद हा धर्मग्रंथ शिकायची शाळा, मिन्यान म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारी किमान दहा माणसं. पण अर्थ कळला म्हणजे शब्द कळला असं होत नाही, ते कळायला एखाद्या शब्दाभोवती उभी केलेली अख्खी कादंबरीच वाचावी लागते.

उदाहरणार्थ कद्दिश. वडील गेल्यावर मुलानं अकरा महिने रोज म्हणायची प्रार्थना. ती हिब्रूतही नाही, जवळजवळ सगळी अरामी भाषेत आहे, आणि तिच्यात मृत्यूचा एका शब्दानंही उल्लेख नाही, सगळी देवाची स्तुती. शिवाय ती एकट्यानं घरी बसून म्हणता येत नाही, मिन्यान लागतं, म्हणजे बाप गेलेल्या माणसाला रोज उठून माणसांत जावंच लागतं. एवढं माहीत झाल्यावर नेथन एंग्लँडरची 'कद्दिश डॉट कॉम' (२०१९) वाचायला घ्या. लॅरी धर्म सोडलेला, वडील कट्टर धार्मिक होते, आता ते गेलेत आणि बहिणीला खात्रीच आहे की हा काही अकरा महिने सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, जाणार नाही. तेव्हा तो रात्री कॉम्प्युटरवर बसून एक वेबसाइट शोधतो, पैसे भरतो, आणि जेरुसलेममधला एक विद्यार्थी त्याच्या वतीनं त्याच्या वडिलांसाठी रोज कद्दिश म्हणणार असं ठरतं. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण मुलाचा हक्क असा पैसे देऊन दुसऱ्याला देता येतो का, आणि दिला तर परत कसा मिळवायचा, हा प्रश्न त्या माणसाला वर्षानुवर्षं सोडत नाही. कादंबरी छोटी आहे, दोन-तीन दिवसांत होते. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कद्दिशबद्दल काहीच माहीत नव्हतं आणि मला ती नुसती गमतीशीर वाटली होती, दुसऱ्यांदा वाचली तेव्हा शेवटची वीस पानं अजिबात गंमत वाटली नाही.

याच्यानंतर किंवा याच्यासोबत नेओमी ऑल्डरमनची 'डिसओबिडियन्स' (२००६) घ्या, लंडनच्या हेंडन भागातल्या कट्टर ज्यू वस्तीत घडते. न्यूयॉर्कला निघून गेलेली रोनित वडिलांच्या मृत्यूनंतर परत येते, वडील तिथले मोठे धर्मगुरू, आणि जिच्यावर तिचं एकेकाळी प्रेम होतं ती एस्टी आता रोनितच्याच चुलतभावाची बायको आहे. सिनेमा बघितला असेल तरी पुस्तक वाचा. आणि एक काळजी घ्या. धर्म सोडून बाहेर पडलेल्या लोकांची पुस्तकं जास्त चालतात, डेबोरा फेल्डमनचं 'अनऑर्थोडॉक्स' (२०१२) तर नेटफ्लिक्समुळे सगळ्यांनाच माहितीये, शुलेम डीनचं 'ऑल हू गो डू नॉट रिटर्न' (२०१५) माझ्या मते त्याहून जास्त खोल आणि जास्त दुखरं आहे, कारण त्यात सोडून आल्यावर स्वतःची मुलं हळूहळू कशी दुरावतात ते आहे. पण फक्त हीच वाचली तर असं वाटेल की धार्मिक ज्यू घरं म्हणजे सगळे तुरुंगच. म्हणून अशा प्रत्येक पुस्तकाला आत राहिलेल्यांचं एक पुस्तक जोडा. अलेग्रा गुडमनची 'काटर्सकिल फॉल्स' (१९९८) चांगली जोडी होते. न्यूयॉर्कमधली धार्मिक कुटुंबं उन्हाळ्यात डोंगरातल्या एका गावी राहायला जातात, आणि पाच मुलींची आई असलेल्या एलिझाबेथला वाटतं की आपण इथे स्वतःचं एक छोटं दुकान टाकावं. बास, एवढीशी इच्छा. पण त्यासाठी रॅबायची परवानगी लागते, आणि त्या एका परवानगीवर गुडमननं जे काही उभं केलंय ते बघत राहावं असं आहे. एलिझाबेथचा देवावर विश्वास आहे, तिला कुठेही पळून जायचं नाहीये, आणि तरी तिला स्वतःचं काहीतरी हवंय.

आता मी स्वतः वापरतो ती युक्ती सांगतो, प्रत्येक ज्यू लेखकाच्या बाबतीत तीन गोष्टी शोधा: तो कुठल्या भाषेत लिहितो, आईवडील घरात कुठल्या भाषेत बोलायचे, आणि आजी-आजोबा कुठल्या. ही तिन्ही उत्तरं क्वचितच सारखी येतात आणि त्या फटींतच बरंचसं साहित्य सापडतं.

आमोस ओझचं 'अ टेल ऑफ लव्ह अँड डार्कनेस' बघा, हिब्रूत २००२ मध्ये आलं, निकोलस डी लँजनं इंग्रजीत आणलं. ओझ लिहितो की वडिलांना सोळा-सतरा भाषा वाचता यायच्या, त्यातल्या अकरा बोलता यायच्या, आई चार-पाच बोलायची आणि सात-आठ वाचायची, मुलाला कळू नये असं काही बोलायचं असलं की दोघं रशियन किंवा पोलिशमध्ये बोलायचे, आणि मुलाला शिकवली फक्त एक, हिब्रू. कदाचित त्यांना भीती वाटत असावी की युरोपातल्या भाषा आल्या तर युरोप पोराला ओढून नेईल. त्याच पुस्तकात एक फोनचा प्रसंग आहे. १९४० चं दशक, जेरुसलेममधल्या घरात फोन नाही, तेल अवीवमधल्या नातेवाईकांशी तीन-चार महिन्यांतून एकदा बोलायचं, तेही औषधाच्या दुकानातून, पत्रानं आधी दिवस आणि वेळ ठरवून. सगळे चांगले कपडे घालून निघतात, लाइन लागायची वाट बघतात, आणि लागल्यावर बोलणं काय तर कसे आहात, बरे आहोत, तुम्ही कसे आहात, आम्हीही बरे आहोत, पुढचा फोन कधी करायचा, ठीक आहे, ठेवतो. एवढंच. आणि ओझ सांगतो की आज मागे वळून बघताना त्यात गमतीचं काही दिसत नाही, कारण त्या लोकांना खरंच माहीत नव्हतं की पुढचा फोन होईल की नाही. हा मुलगा बारा वर्षांचा असताना त्याच्या आईनं आत्महत्या केली, नंतर काही वर्षांतच तो घर सोडून किबुत्झवर, म्हणजे सगळे मिळून राहतात आणि राबतात अशा वसाहतीत, गेला आणि क्लाउझनर हे आडनाव टाकून ओझ घेतलं, म्हणजे शक्ती. पुस्तक खूप जाड आहे, सलग वाचायचा अट्टहास करू नका, मी जवळजवळ चार महिने वाचत होतो आणि ते बरोबरच होतं असं आता वाटतं.

भाषेच्याच बाबतीत दुसरी दोन माणसं. आहारोन अप्पेलफेल्ड आजच्या युक्रेनमधल्या चेर्नोव्हित्सजवळ १९३२ मध्ये जन्मला, घरातली भाषा जर्मन, म्हणजे ज्यांनी आईला मारलं त्यांचीच भाषा त्याची मातृभाषा, आणि लिहिलं त्यानं आयुष्यभर हिब्रूत, जी तो किशोरवयात शिकला. त्याची वाक्यं छोटी, कोरडी, मोजकी आहेत आणि ती तशी का आहेत ते हे कळल्यावर लक्षात येतं. आणि सामी मायकेल, जन्म १९२६, बगदाद. आधी अरबीत लिहायचा, हिब्रूतली पहिली कादंबरी वयाच्या चाळिशीनंतर आली, आणि इजिप्तचा अरबी लेखक नगीब महफूझची कैरोवरची तीन कादंबऱ्यांची मालिका ह्याच माणसानं हिब्रूत आणली. ज्यूंची भाषा आणि अरबांची भाषा अशी सरळ रेघ मारून ठेवली असेल तर सामी मायकेल वाचल्यावर ती पुसली जाते.

यावरूनच पुढचं, की ज्यू म्हणजे फक्त पोलंड, जर्मनी आणि न्यूयॉर्क नाही. बगदाद, कैरो, अल्जीअर्स, इस्तंबूल इथल्या ज्यूंचं एक आख्खं साहित्य आहे, इस्रायलमध्ये त्यांना मिझराही म्हणतात, आणि तिथे आल्यावर त्यांना जी दुय्यम वागणूक मिळाली त्याचा राग या पुस्तकांत आहे. रोनित मतालोन (१९५९-२०१७) वाचा, आई-वडील इजिप्तचे, 'द साउंड ऑफ अवर स्टेप्स' मध्ये एका कष्टकरी आईचं असं काही चित्र आहे की विसरता येत नाही. आणि मराठी ज्यांची मातृभाषा आहे त्या बेने इस्रायली ज्यूंबद्दल इंग्रजीत लिहिणाऱ्या एस्थर डेव्हिड, 'द बुक ऑफ रेचल' साठी त्यांना २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालाय. गाव सोडून सगळे इस्रायलला गेलेत आणि एकटी रेचल मागे राहून बंद सिनेगॉग सांभाळतेय, असं ते पुस्तक आहे.

अनुवादकाचं नाव नेहमी बघा. हिब्रू पुस्तकांच्या बाबतीत तर बघाच, कारण हिब्रूतल्या साध्या शब्दामागे बायबल असतं आणि ते दुसऱ्या भाषेत सहज सुटून जातं. डेव्हिड ग्रॉसमनची जी कादंबरी इंग्रजीत 'टू दि एंड ऑफ द लँड' म्हणून आली तिचं हिब्रू नाव साधारण 'बातमीपासून पळणारी बाई' असं होतं, आणि खरी गोष्ट त्या नावातच आहे. ओराचा मुलगा सैन्यातली सक्तीची वर्षं संपल्यावरसुद्धा स्वतःहून पुन्हा मोहिमेवर जातो, आणि ही ठरवते की आपण घरीच राहायचं नाही, घरी नसलो तर मुलगा गेल्याची बातमी द्यायला येणारे अधिकारी कुणाला सांगणार, आणि सांगितलीच नाही तर ते झालं असं कसं होईल. म्हणून ती गॅलिलीच्या डोंगरांतून चालत सुटते आणि सोबतच्या माणसाला मुलाचं लहानपण सांगत राहते, त्याचं पहिलं पाऊल, तो शाकाहारी कसा झाला, असलं सगळं. ग्रॉसमननं हे २००३ मध्ये लिहायला घेतलं, ऑगस्ट २००६ मध्ये लेबनॉनच्या युद्धाच्या अगदी शेवटच्या तासांत त्याचा स्वतःचा मुलगा ऊरी रणगाड्यात मारला गेला. पुस्तक तोवर बहुतांश लिहून झालं होतं. शिव्हाचे सात दिवस संपल्यावर तो परत त्याच पुस्तकाकडे गेला. हे तो शेवटच्या पानावर दोन-तीन वाक्यांत सांगतो, तेव्हा ते पान आधी उघडू नका. ह्याच ग्रॉसमनला २०१७ मध्ये दुसऱ्या कादंबरीसाठी मॅन बुकर इंटरनॅशनल मिळालं आणि पन्नास हजार पौंडांपैकी निम्मे नियमाप्रमाणे अनुवादक जेसिका कोहेनला गेले. तिचं नाव कुठल्याही पुस्तकावर दिसलं तर डोळे झाकून घ्या.

इस्रायलच्या राजकारणाचं काय, असं बरेच जण विचारतात. माझा सल्ला, पुस्तक पहिल्यांदा कधी छापलं ते वर्ष आधी बघा आणि एका लेखकाला सगळ्या ज्यूंचा प्रवक्ता करू नका. तिथले लेखक आपल्याच सरकारशी कायम भांडत आलेत. दोरित राबिन्यानच्या 'ऑल द रिव्हर्स' मध्ये न्यूयॉर्कमध्ये भेटलेली इस्रायली मुलगी आणि पॅलेस्टिनी चित्रकार यांचं प्रेम आहे, २०१५ च्या शेवटी इस्रायलच्या शिक्षण मंत्रालयानं ही कादंबरी हायस्कूलच्या अभ्यासक्रमात घ्यायला नकार दिला, आणि झालं काय तर लोकांनी दुकानांत जाऊन ती धडाधड विकत घेतली. तुमचं मत काहीही असो, ते जरा बाजूला ठेवून वाचा, पुस्तक संपल्यावर ते परत घेता येतं.

इतकं झालं की मग होलोकॉस्टकडे या, आणि येताना नातवंडांच्या पिढीच्या पुस्तकांतून या. कीव्हमध्ये जन्मलेली आणि जर्मनमध्ये लिहिणारी काट्या पेत्रोव्स्काया 'मेबी एस्थर' नावाच्या पुस्तकात १९४१ मध्ये कीव्हमध्ये मागे राहिलेल्या वडिलांच्या आजीला शोधते. वडिलांना नाव विचारते, तर ते म्हणतात एस्थर असावं बहुतेक. कारण घरात तिला सगळे नात्यानंच हाक मारायचे, कुणी आई, कुणी आजी, नावानं कुणीच नाही. त्या सप्टेंबरात बाबी यारच्या घळीत दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या, हा आकडा मी आधीही वाचला होता, पण आजीचं नाव न आठवणारा मुलगा वाचला तेव्हा तो आकडा पहिल्यांदा कळला. एडमंड डी वालचं 'द हेअर विथ अँबर आइज' (२०१०) पण असंच. व्हिएन्नाच्या एफ्रुसी घराण्याचा राजवाडा, बँक, चित्रं, सगळं नाझींनी नेलं, आणि २६४ छोट्या जपानी कोरीव मूर्ती वाचल्या, कारण ॲना नावाची मोलकरीण त्या एकेक करून एप्रनच्या खिशात घालून न्यायची आणि आपल्या गादीत लपवायची. लेखक स्वतः कुंभार आहे त्यामुळे वस्तू हातात धरल्यावर कशी लागते हे त्याच्यासारखं कुणी लिहू शकत नाही.

आणि आता, याच्या नंतर, दारा हॉर्नचा 'पीपल लव्ह डेड ज्यूज' (२०२१) हा निबंधसंग्रह वाचा. पहिलाच निबंध ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक म्युझियममधल्या एका ज्यू कर्मचाऱ्याचा आहे, त्याला सांगितलं गेलं की डोक्यावरची किप्पा, म्हणजे ज्यू पुरुषांची छोटी गोल टोपी, दुसऱ्या टोपीखाली लपव, आणि तो निर्णय बदलायला संस्थेला चार महिने लागले. हॉर्नचं म्हणणं असं की जगाला मेलेल्या ज्यूंबद्दल कळवळा आहे, जिवंत ज्यू समोर आला की अवघडतात. हे पुस्तक काही जण पहिलंच वाचायला सांगतात, मला ते पटत नाही. सुरुवातीलाच वाचलं तर तुम्ही नुसते ओशाळता. लॅरी, एलिझाबेथ, ओरा ही माणसं ओळखीची झाल्यावर वाचलं की हॉर्न कुणाबद्दल बोलतेय ते समजतं आणि तिच्याशी वादही घालता येतो.

पुढची पुस्तकं शोधायला अवॉर्डच्या याद्या चांगल्या. अमेरिकेत ज्यूइश बुक काउन्सिलचे नॅशनल ज्यूइश बुक अवॉर्ड्स, ब्रिटनमध्ये विंगेट प्राइझ, इस्रायलमध्ये हिब्रू पुस्तकांसाठी सापिर प्राइझ, आणि तुलनेनं नव्या लेखकांसाठी सामी रोर प्राइझ, ते एक वर्ष फिक्शन एक वर्ष नॉनफिक्शन असं देतात. विजेत्यांपेक्षा शॉर्टलिस्ट बघा, मला आवडलेली निम्मी पुस्तकं तिथली आहेत. हे सगळं सुरू कुठे झालं माहितीये का, १९२५ मध्ये बॉस्टनच्या पब्लिक लायब्ररीच्या वेस्ट एंड शाखेत फॅनी गोल्डस्टीन नावाच्या लायब्रेरियननं ज्यू पुस्तकांचं एक प्रदर्शन मांडलं, त्याचा पुढे ज्यू पुस्तक सप्ताह झाला आणि नंतर महिना, आता दरवर्षी हनुक्का या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाच्या आधीचा महिना त्यासाठी असतो, याद्या आणि परीक्षणं तेव्हा ढीगभर निघतात. यिडिशची ओढ लागली तर मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्टचं यिडिश बुक सेंटर आहे, १९८० मध्ये ॲरन लान्स्की या तरुण विद्यार्थ्यानं टाकून दिली जाणारी यिडिश पुस्तकं घरोघरी जाऊन गोळा करायला सुरुवात केली त्यातून ते उभं राहिलं, हजारो पुस्तकं स्कॅन करून फुकट ठेवलीत, इंग्रजी अनुवादही बरेच आहेत. म्हातारी माणसं त्याला पुस्तकं नुसती द्यायची नाहीत, बसवून खाऊ घालायची आणि एकेक पुस्तक हातात घेऊन ते कधी घेतलं, कुणी वाचलं ते सांगून मगच द्यायची. त्याच्यावर त्यानं 'आउटविटिंग हिस्टरी' म्हणून पुस्तक लिहिलंय (२००४), आणि अजून पहिलं पुस्तक कुठलं घ्यायचं ते ठरत नसेल तर हे घ्या, कादंबरी नाही तरी चालेल, त्याच्या व्हॅनमध्ये बसून तुम्हीही त्या घरांमधून फिरून येता.